दोन वाफ्यांची वाट

माझ्या सायकलला घंटी होती, ती व्यवस्थित वाजत होती, आणि तरीही मी ती कधी वाजवत नव्हतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पुढे जो काही गोंधळ झाला त्याचे मूळ एवढ्या एका वाक्यात आहे. पाठमोऱ्या माणसाच्या मागून अचानक घंटी वाजवणे म्हणजे त्याच्या विचारांच्या मधोमध जाऊन ओरडणे, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. कोण जाणे, तो माणूस नेमका त्या क्षणी आपल्या गावाला आठवत असेल. आणि दुबईत, त्या १९६४ सालच्या हिवाळ्यात, पाठमोरा चालणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गावाला आठवतच चालत होता.

आमची वाट दुबईतल्या देरा नावाच्या वस्तीच्या मागच्या अंगाला होती. एका टोकाला आम्हा रत्नागिरी आणि कुलाब्याकडच्या माणसांची घरे, दुसऱ्या टोकाला खाडी आणि तिच्या काठच्या पेढ्या; त्यांतल्या एकीत मी कारकून होतो. मध्ये अर्धा मैल सबखा. सबखा म्हणजे मिठाने भरलेली सपाट जमीन. उन्हाळ्यात ती भाजलेल्या पापडासारखी कडक असते. हिवाळ्यात रात्रभर दव पडते, खालचे खारे पाणी वर येते, आणि सकाळी तिच्यावर पाऊल टाकले की ती ते पाऊल परत देताना फार विचार करते. या साऱ्या विस्तारात माणसांच्या येण्याजाण्याने घट्ट झालेली एकच पट्टी होती, हातभर रुंद. तिच्यावरून पायी माणसे जात, सायकली जात, आणि गोड्या पाण्याचे डबे लादलेली गाढवे जात. प्रत्येकाला ती मधली पट्टीच हवी असे. गाढवांना ती नेहमी मिळे.

डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्यापुढे मरियमबी चालल्या होत्या.

मरियमबी आमच्या शेजारच्या घरात राहत; मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणे. आम्ही पाच सडे पुरुष त्यांच्या हातचे जेवत होतो. मी ऑक्टोबरात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी ते पाहिले, काही विचारले नाही, फक्त माझ्या ताटात तांदळाची एक भाकरी जास्त वाढू लागल्या. त्यांची मुलगी कुलसुम खाडीच्या टोकाला सासरी होती. तिला दिवस गेले होते, म्हणून त्या रोज सकाळी डबा घेऊन तिच्याकडे जात.

घंटी वाजवणे अशक्य होते. मी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. एकदा खाकरून पाहिले, पण तेही मला उद्धट वाटले म्हणून अर्ध्यावर सोडले. सायकल ठरावीक वेगाखाली गेली की उभी राहत नाही, हा नियम मला शाळेत शिकवला होता. तो नियम त्या सकाळी खरा ठरला. मी, सायकल आणि माझा संकोच असे तिघे मरियमबींच्या अंगावर पडलो.

डबा उघडून भाकऱ्या चिखलात गेल्या. मरियमबी बसल्या जागी आपला घोटा चोळत होत्या.

"घंटी नाही का रे?" त्यांनी विचारले.

"आहे, खाला."

"वाजत नाही?"

"वाजते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागावल्या असत्या तर मला सोसले असते. त्या रात्री त्यांनी ताट पाठवले आणि त्यात ती जास्तीची भाकरी नेहमीसारखीच होती. मी ती खाऊ शकलो नाही. माझा खोलीतला सोबती इद्रीस मात्र खाऊ शकला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. घोटा सुजला होता. मरियमबी म्हणाल्या, "पायाचं काही नाही, तो बसेल. पण कुलसुमचा महिना जवळ आला. गेल्या साली असाच हिवाळा होता. एक दिवस पाऊस झाला, मी निम्म्या वाटेत रुतले, मागे फिरले, लांबून पिकअपने गेले, तर ती वाळूत अडकली. तासभर उशीर झाला. मूल राहिलं नाही." मग दोन्ही तळवे पुढे करून म्हणाल्या, "गावी मी चाळीस-पन्नास बाळंतपणं या हातांनी केली. स्वतःच्या मुलीला मात्र पोचले नाही."

त्यांनी कुलसुमकडेच जाऊन राहावे, हे मलाही सुचले होते; पण त्या एका खोलीत सासू आणि दीर धरून पाच माणसे निजत. नवरा तेलाच्या बार्जवर, समुद्रात.

मी असा माणूस आहे की एक वाक्य बोलायला मला तास लागतो आणि तोवर समोरचा निघून जातो. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "खाला, वाट मी नीट करीन. तुमच्या कुलसुमच्या दिवसाच्या आत."

घरी आल्यावर मला भीती वाटू लागली.

बातमी इद्रीसने पसरवली. तो एका आयात-निर्यातीच्या ऑफिसात टायपिस्ट होता आणि कुठलीही गोष्ट तीन प्रतींत करण्याची त्याला सवय होती. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात सल्ल्यांची रांग लागली. एकाने सांगितले, वाळू टाका. दुसऱ्याने सांगितले, वाळू सोडून काहीही टाका. इद्रीस म्हणाला, "हमीदसाब, सिंपल है. तुम्ही सायकल विका. निम्मा ट्रॅफिक प्रॉब्लेम तिथेच खलास."

मी मात्र रीतसर मार्ग धरला. खाडीकाठी एक कचेरी होती. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिने माझे काही वाईट केले नाही, किंबहुना काहीच केले नाही. तिथे सोनेरी काड्यांच्या चष्म्याचा एक हेडक्लार्क होता. त्याने माझा सुवाच्य अक्षरातला अर्ज आदराने वाचला आणि भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारले, "ये रास्ता किधर है?"

मी बोट ठेवले. त्या बोटाखाली कोरा कागद होता.

"देखिये," तो म्हणाला, "जो रास्ता नक्शे में है, उसकी रिपेअर का फॉर्म है. नये रास्ते का अलग फॉर्म है. आपका रास्ता पुराना है, मगर है नहीं."

"लेकिन लोग रोज चलते हैं," मी धीर करून म्हणालो.

"चलने दीजिये. इन्स्पेक्शन करेंगे."

"कब?"

"बुक्रा, इन्शाल्ला."

बुक्रा म्हणजे उद्या. तो उद्या केव्हाचा, हे विचारणे मला बरे वाटले नाही.

शेवटी मदतीला हमदुल्लाचाचा आले. चाचा कुलाबा जिल्ह्यातल्या मिठागरात वाढलेले. तरुणपणी हातात चोपणे घेऊन मिठाच्या वाफ्यांचा तळ बडवत असत. आता ते एका गोदामाचे रखवालदार होते आणि आपल्या विद्येचा इथे काही उपयोग नाही, याचे त्यांना आत कुठेतरी दुःख होते. त्यांनी सबखाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. त्या क्षणी ते देऱ्यात नव्हते, हे माझ्यासारख्यालाही कळले.

"ही आपली माती आहे," ते म्हणाले. "हिला ओली करायची, तुडवायची, चोपायची. दगडासारखी होते. वर पाणी ओतलं तरी थेंब खाली जात नाही."

थेंब खाली जात नाही, हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकले. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट इद्रीसने ते दोनदा उच्चारले.

"आणि पाऊस, चाचा?" मी विचारले.

"गेल्या साली झाला ना? मग आता दोन-तीन वर्षं बघायला नको. आठ वर्षं आहे मी इथे."

मला पटले. माझ्या मनातला पाऊस अजून कोकणातला होता. तो जूनमध्ये सांगून येतो आणि दसऱ्याला निरोप घेतो. हिवाळा हा वाटा बांधायचा ऋतू, तिथे पावसाचे काय काम?

चार शुक्रवार आम्ही राबलो. तेलाच्या रिकाम्या डब्यांतून खाडीचे पाणी आणले, जुन्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन हात माती भिजवली, अनवाणी पायांनी तुडवली, आणि खोक्यांच्या फळ्यांपासून केलेल्या चोपण्यांनी बडवली. पहिल्या शुक्रवारी पाच जण होतो, चौथ्या शुक्रवारी बावीस. कोणी बलुची होता, कोणी मलबारी, कोणाची भाषा कोणालाच येत नव्हती. पण चोपण्याचा ताल सगळ्यांना येत होता. मी आयुष्यात प्रथमच बावीस माणसांत उभा होतो आणि मला पळून जावेसे वाटत नव्हते.

दोन सुधारणा मात्र आमच्या स्वतःच्या होत्या. वाऱ्याची वाळू आणि पाण्याची गाढवे बाहेर राहावीत म्हणून चाचांनी दोन्ही कडांना वीतभर उंचीचे बांध घातले. आणि मध्यभागी, वाटेच्या लांबीभर, तसाच एक बांध घालावा हा प्रस्ताव माझा होता. डावीकडे पायी चालणारे, उजवीकडे सायकलवाले. कोणी कोणाच्या मागे येणार नाही, कोणी कोणावर पडणार नाही. ज्याला घंटी वाजवायची नसते त्याला बांध घालावा लागतो, हे मी कोणाला सांगितले नाही. अरबी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत मी एक पाटी लिहिली. तिच्यातला 'बे', म्हणजे अरबी ब, इतका डौलदार उतरला होता की मी जाता-येता त्याच्याकडे पाहत असे.

पाटी सर्वांनी वाचली आणि मधल्या बांधावरून चालायला सुरुवात केली.

तो उंच होता, कोरडा होता, आणि मधोमध होता. माणसाला मधली पट्टी हवी असते ही गोष्ट आमच्या आराखड्यात धरलेली नव्हती. सायकलवालेही बांधावर चढले. गाढवे सर्वांआधी चढली होती.

"हमीदसाब," इद्रीस म्हणाला, "तुम्ही एका वाटेच्या दोन वाटा केल्या. लोकांनी त्यातून तिसरी काढली."

तरीही, ते नऊ दिवस मी सुखात होतो. वाट संगमरवरासारखी गुळगुळीत झाली होती. मरियमबी काठी टेकत तिच्यावरून चालल्या, थांबल्या, आणि पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून पाहिली. "आमच्या खळ्यासारखी झाली रे," त्या म्हणाल्या. भाताच्या खळ्याची उपमा त्यांनी दिली तेव्हा मी दुसरीकडे पाहिले. डोळ्यांत खारे वारे गेले होते.

दहाव्या दिवशी, जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी, आभाळ भरून आले. मंगळवारी पाऊस झाला. बुधवारी पाऊस झाला. गुरुवारी सकाळी तो थांबला आणि आम्ही सगळे वाटेच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो.

आजूबाजूच्या सबखाने पाणी बरेचसे पोटात घेतले होते. तिथे राड होती, पण पाणी नव्हते. आमची वाट मात्र काठोकाठ भरली होती. अर्धा मैल लांबीचे दोन शांत, सरळ, सुंदर कालवे आभाळ धरून पसरले होते. चार शुक्रवार, बावीस माणसे आणि एका वृद्धाची आयुष्यभराची विद्या खर्च करून आम्ही देऱ्यात कोकणी मिठागर बांधले होते.

चाचांनी वाकून पाण्यात हात घातला आणि तळ चाचपला. मग हळूच म्हणाले, "एक थेंब खाली गेला नाही." त्यांच्या आवाजात शरम होती आणि, खोटे कशाला सांगू, थोडा अभिमानही होता.

नेमका त्याच वेळी कुलसुमचा दीर बांधावरून धावत आला. कळा पहाटेपासून सुरू झाल्या होत्या. सुईण दुसऱ्या घरी अडकली होती. कुलसुम एकच म्हणत होती, अम्मीला आणा.

मरियमबी गाठोडे घेऊन दारात उभ्याच होत्या. त्यांनी पाणी पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी जमिनीत गेलो असतो, पण आम्ही ती फार घट्ट चोपली होती.

"बांध फोडतो," चाचा म्हणाले.

"पाणी उतरायला दुपार होईल," इद्रीस म्हणाला. त्याने चेष्टा केली नाही, म्हणून मी अधिकच घाबरलो.

उरला होता मधला बांध, हातभर रुंद, दोन कालव्यांच्या मध्ये कोरडा. धडधाकट माणूस त्यावरून चालू शकत होता. सुजलेल्या घोट्याची, पन्नाशीची बाई चालू शकत नव्हती. मी माझ्या सायकलकडे पाहिले. आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्या तोंडून विचार करण्याआधी वाक्य निघाले.

"खाला, कॅरिअरवर बसा."

"तुझ्या सायकलवर?" मरियमबींनी विचारले. प्रश्न रास्त होता.

"मी चालवणार नाही. धरणार आहे."

त्या गाठोडे मांडीवर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसल्या. सायकलची चाके बांधावर. डावीकडच्या वाफ्यात पोटरीभर पाण्यात मी, हँडल धरून. उजवीकडच्या वाफ्यात इद्रीस, कॅरिअर धरून. चाचा मागून, एक हात मरियमबींच्या पाठीशी. अशी आमची मिरवणूक निघाली. पायाखालचा तळ खरोखरच दगडासारखा होता. एकदाही पाय रुतला नाही. बाहेरच्या राडीत आम्ही दहा पावलेही गेलो नसतो, हे निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आले आणि मी मनातल्या मनात चाचांची क्षमा मागितली.

अडचण वेगळीच निघाली. सगळा देरा त्या बांधावर होता. खाडीकडून एकामागे एक माणसे आमच्या दिशेने येत होती, माना खाली, नजर पावलांवर. समोरून काही येत आहे हे त्यांना दिसत नव्हते.

"हमीद," मरियमबी म्हणाल्या, "घंटी."

माझा अंगठा घंटीवर होता. तो हलेना.

"अरे, मुलगी वाट बघते माझी."

मी घंटी वाजवली.

तिचा आवाज सायकल विकत घेतली त्या दिवसानंतर मी प्रथमच ऐकत होतो. तो मला वाटला होता तितका कर्कश नव्हता. पहिल्या माणसाने मान वर केली, सायकलवरची बाई आणि गाठोडे पाहिले, आणि काही न विचारता चपला हातात घेऊन पाण्यात उतरला. त्याच्यामागचा उतरला. त्याच्यामागचाही. मी वाजवत गेलो आणि माणसे उतरत गेली, कोणी डाव्या वाफ्यात, कोणी उजव्या. कोणी सलाम केला, कोणी "यल्ला, यल्ला" म्हणजे 'चला, चला' म्हणत सायकलला हात लावला. कोणीही रागावले नाही. इतकी वर्षे मी ज्या आवाजाने जगाला दुखवू नये म्हणून जपत होतो, त्या आवाजाची जग जणू वाटच पाहत होते.

निम्म्या वाटेवर सोनेरी काड्यांचा चष्मा समोर आला. इस्त्रीची पँट, काखेत फाईल. माझ्या अर्जाचे इन्स्पेक्शन आज निघाले होते.

"ये क्या है?" त्याने विचारले.

मी घंटी वाजवली.

"लेकिन मैं उतरूँ कहाँ? नीचे पानी है."

"साहब, घबराइये मत," इद्रीस म्हणाला. "नक्शे में देखिये, यहाँ कुछ भी नहीं है."

हेडक्लार्कने मरियमबींकडे पाहिले. मग फाईल डोक्यावर धरली आणि इस्त्रीसकट पाण्यात उतरला. त्या माणसाविषयी माझ्या मनात जे काही होते ते मी तिथेच सोडून दिले. इतकेच नव्हे, तो पुढची पन्नास पावले आमच्याबरोबर चालला आणि "बाजू, बाजू" असे कचेरीच्या आवाजात ओरडत राहिला.

शेवटचे गाढव तेवढे उतरले नाही. त्याला घंटी वाजवली, विनंती केली, इद्रीसने दोन भाषांत समजावले. मरियमबींनी गाठोड्यातून एक भाकरी काढली आणि डाव्या वाफ्यात टाकली. गाढव तिच्यामागे उतरले. ती माझी जास्तीची भाकरी होती, असे मी समजतो.

दुपारच्या नमाजाआधी कुलसुमला मुलगी झाली. आम्ही बाहेर ओल्या पायांनी भिंतीला टेकून बसलो होतो. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा चाचांनी टोपी सारखी केली. मरियमबी दारात आल्या. हात पदराला पुसत होत्या.

"वेळेत पोचले," एवढेच त्या म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांत पाणी आटले आणि दोन्ही वाफ्यांत पांढरेशुभ्र मीठ धरले. चाचांनी ते हातात घेऊन उन्हात पाहिले. मिठागर सोडून आल्यानंतरचे ते त्यांचे पहिले पीक होते. वाट गाढवांचीही असल्यामुळे ते कोणी खाल्ले नाही, पण चाचांनी त्यातले मूठभर एका बाटलीत भरून गोदामातल्या खिडकीत ठेवले. हेडक्लार्क पुन्हा एकदा आला, या वेळी रबरी बूट घालून. मीठ पाहून त्याचा चेहरा उजळला. रस्त्याचा फॉर्म नव्हता, पण मिठागराचा होता, आणि तो त्याने सोबत आणला होता. आम्ही त्याला चहा पाजला. फॉर्म अजून माझ्या पेटीत आहे.

बाहेरचे दोन्ही बांध आम्ही फोडले, पाण्याला वाट करून दिली, आणि ती सगळी माती मधल्या बांधावर चढवून तो तिप्पट रुंद केला. आता ती एकच वाट आहे, सगळ्यांची. हिवाळाभर दर शुक्रवारी ती चोपावी लागते. चाचा ताल धरतात, बाकीचे येतात. पाटी मी काढून टाकली. तो 'बे' तेवढा कापून ठेवला आहे.

मरियमबींचा घोटा बरा झाला. एका सकाळी त्या नातीसाठी दुपटी घेऊन चालल्या होत्या आणि मी सायकलवरून मागे होतो. वाट आता रुंद होती. सहज पुढे निघून जाता आले असते. सवयीने मी वेग कमी केला, मग आणखी कमी केला, आणि शेवटी शहाणपणाने खाली उतरून चालू लागलो.

"आहेस ना रे मागे?" त्यांनी मान न वळवता विचारले.

"आहे, खाला."

"मग वाजव की."

मी वाजवली. त्या बाजूला झाल्या नाहीत. त्याच चालीने, वाटेच्या बरोबर मधून, चालत राहिल्या.

"पुढे जायचं नाही मला," मी म्हणालो.

"मी कुठे सरकते आहे?" मरियमबी म्हणाल्या. "वाजव. तिच्या आवाजाने मी पोचले होते."

खाडी येईपर्यंत मी घंटी वाजवत त्यांच्या मागून चालत गेलो. ऑफिसला उशीर झाला.